तारकांचे वर्णपटीय वर्गीकरण: अक्षरक्रम आणि त्याचा अर्थ

ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही ताऱ्यांच्या वर्गांची अक्षरे वर्णमालेच्या क्रमात नाहीत. या विस्कळीतपणामागे हार्वर्ड वेधशाळेत अल्प वेतनावर राबलेल्या स्त्रियांचा इतिहास आहे. विल्यमिना फ्लेमिंग यांच्या परिश्रमातून १८९० मध्ये सिद्ध झालेल्या सूचीत १०,००० हून अधिक ताऱ्यांना प्रामुख्याने हायड्रोजन-रेषांच्या ठळकपणानुसार 'ए'पासून अक्षरे दिली गेली. १९०१ मध्ये ॲनी जंप कॅनन यांनी अनेक वर्ग गाळले व 'ओ', 'बी' यांना 'ए'च्या आधी बसविले. तेव्हा सर्वच रेषा सलगपणे बदलत जाताना दिसू लागल्या. पुढे सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्णपट त्यांनी डोळ्यांनीच तपासले!

हा क्रम तापमानाचा असावा, असा तर्क होता; त्याला सैद्धांतिक आधार मात्र नव्हता. तो कलकत्ता विद्यापीठातील मेघनाद साहा यांच्या १९२० च्या आयनीभवन समीकरणाने दिला. अतितप्त ताऱ्यात हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतात, तर थंड ताऱ्यात ते तळच्या पातळीवर असतात. म्हणून दोन्हीकडे त्याच्या दृश्य रेषा क्षीण दिसतात. अर्थात, रेषेचा ठळकपणा म्हणजे मूलद्रव्याचे प्रमाण नव्हे.

याच समीकरणाच्या आधारे सिसिलिया पेन यांना १९२५ च्या प्रबंधात ताऱ्यांमध्ये हायड्रोजन प्रचंड प्रमाणात आढळला. हेन्री नॉरिस रसेल यांच्या आक्षेपामुळे हा निष्कर्ष बहुधा वास्तव नसावा, असे त्यांनी स्वतःच नमूद केले. १९२९ मध्ये रसेल वेगळ्या मार्गाने तेथेच पोहोचले. पेन यांना हार्वर्डचे प्राध्यापकपद मिळण्यास मात्र १९५६ साल उजाडले.