स्मार्टवॉचची स्क्रीन फुटली? बंद पडलेल्या घड्याळातला डिस्प्ले असा वापरता येतो

हातातलं स्मार्टवॉच दारावर आपटलं, काच तडकली आणि सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं, ‘नवीनच घ्या.’ हा अनुभव अनेकांचा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्याच्या गावात तर त्यासाठी गोंदिया किंवा नागपूर गाठण्याचा खर्चही धरावा लागतो. अशा वेळी उपयोगी पडतं ते त्याच मॉडेलचं, बंद पडलेलं दुसरं घड्याळ.

आधी ओळखा, फुटलंय काय?

स्मार्टवॉचच्या स्क्रीनमध्ये साधारण तीन थर असतात: वरची काच, स्पर्श ओळखणारा टच आणि चित्र दाखवणारा डिस्प्ले. चित्र स्वच्छ दिसतंय आणि टचही चालतोय, तर बहुधा फक्त काच गेली आहे. काळे डाग, रंगीत रेघा किंवा पूर्ण अंधार दिसत असेल, तर डिस्प्ले गेला असण्याची शक्यता जास्त.

हे थर पारदर्शक गोंदाने एकमेकांना चिकटवलेले असतात. नुसती काच वेगळी करताना खालचा डिस्प्ले सहज तुटतो. म्हणूनच बहुतेक कारागीर तिन्ही थरांचा अख्खा संच, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘कॉम्बो’, बदलतात.

कोणतं जुनं घड्याळ चालेल?

बॅटरी किंवा मदरबोर्ड गेलेलं, पण स्क्रीन शाबूत असलेलं. मात्र नाव सारखं असून भागत नाही. मागच्या बाजूचा मॉडेल नंबर, घड्याळाचा आकार आणि डिस्प्लेच्या पट्टीवर छापलेला क्रमांक जुळायला हवा. स्वस्त घड्याळांत एकाच नावाखाली वेगळे डिस्प्ले निघू शकतात.

काम कसं होतं?

१. घड्याळ बंद करतात. त्याआधी बॅटरी बरीच उतरलेली असली, तर धोका कमी.
२. कडेचा गोंद मऊ होईल इतकीच ऊब देतात. उष्णता थेट बॅटरीपर्यंत पोहोचू देत नाहीत.
३. प्लास्टिकच्या पातळ पत्तीने स्क्रीन किंचित उचलतात. झटका दिला की आतली पट्टी तुटते.
४. सर्वात आधी बॅटरीची जोडणी काढतात, मग डिस्प्लेची.
५. जुन्या घड्याळातला डिस्प्ले जोडून, चिकटवण्यापूर्वीच चालू करून बघतात. चारही कोपऱ्यांत टच, उजेड आणि रंग तपासतात.
६. सगळं ठीक असेल तरच जुना गोंद साफ करून नवा लावतात.

तुमची माहिती मदरबोर्डवर असते, त्यामुळे स्क्रीन बदलल्याने ती सहसा जात नाही. पण आपलं जुनं घड्याळ पार्टसाठी कुणाला देताना, ते चालू होत असेल तर आधी रीसेट करा.

धोका कुठे?

मोठा धोका लिथियम बॅटरीचा. ती टोचली, वाकली तर पेट घेऊ शकते. फुगलेली दिसली तर घरी हात लावू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. एकदा उघडलेल्या घड्याळावर ‘आयपी६८’ किंवा ‘५ एटीएम’चा भरवसा ठेवता येत नाही. दुरुस्तीनंतर ते घालून पोहणं, आंघोळ करणं टाळा. वॉरंटी शिल्लक असेल, तर घड्याळ उघडण्याआधी कंपनीच्या अटी वाचा.

परवडतं का?

पार्ट आणि मजुरी मिळून नव्या घड्याळाच्या निम्म्याहून जास्त खर्च सांगितला, तर पुन्हा विचार करा. महागड्या घड्याळात मात्र जुना डिस्प्ले मोठी बचत करतो.

हक्क काय?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. मात्र पार्ट पुरवण्याची सक्ती करणारा स्वतंत्र कायदा झालेला नाही. कंपनीच्या सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

ग्राहकांच्या मागणीने फरक पडू शकतो. २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल वॉचच्या फुटलेल्या स्क्रीनसाठी दुरुस्तीची सोय नसल्याचं सांगितलं होतं. २०२५ च्या पिक्सेल वॉच ४ मध्ये स्क्रीन आणि बॅटरी बदलता येईल अशी रचना आली.

पार्ट काढून उरलेलं घड्याळ घरच्या कचऱ्यात टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरीसह ते ई-कचरा संकलन केंद्रातच द्या.