लहानाचे मोठे

माझी आत्या दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी घालते. अंगण मोठे असले तर पंधरा ठिपक्यांची, उंबरठ्याशी जागा थोडी असली तर सात ठिपक्यांची. पंधरा ठिपक्यांची वेल सातांत बसवताना काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे तिच्या बोटांना कोणी शिकवलेले नाही. लहानपणी मी एकदा तिला म्हणालो होतो, "आत्या, आता या सातांवरून पुन्हा पंधराची काढ ना!" ती हसून म्हणाली, "अरे, गाळलेल्या पाकळ्या आता कुठून आणू? मनाच्याच काढाव्या लागतील."

गेल्या सुमारे सत्तर वर्षांत मोठमोठ्या गणितज्ञांना आणि यंत्रविशारदांना ज्या प्रश्नाने झुंजवले, तो प्रश्न आत्याने असा एका वाक्यात सांगून टाकला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. कळण्याचे निमित्त मात्र क्लेशकारक होते.

आमच्या घरी १९५२ च्या सुमाराचा एक कौटुंबिक फोटो होता. मध्ये खुर्चीवर आजी, नऊवारीत, नाकात नथ. तिच्या पायाशी परकरातली आत्या. पुतण्याने मोबाईलवर त्याचे छायाचित्र घेतले आणि साऱ्या नातेवाइकांना धाडले. मोबाईल भरला म्हणून मूळचे मोठे चित्र मीच त्याला पुसून टाकायला सांगितले. सर्वांकडे पोहोचले आहेच, मग दोन ठिकाणी कशाला, हे माझे शहाणपण! पुढच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि कागदावरचा फोटोही गेला. आत्याच्या वाढदिवसासाठी मोठी तसबीर करायला निघालो तेव्हा हाती राहिले होते ते धाडताना आपोआप लहान झालेले चित्र. छापखान्यातून जे मोठे होऊन आले त्यात आजीच्या चेहऱ्यावर चौकटी चौकटी दिसत होत्या.

या चौकटींचा जन्म अमेरिकेतला, १९५७ सालचा. तेथील राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श नावाच्या एका तरुण संशोधकाला वाटले की, गणकयंत्र आकडे वाचते, तर त्याला चित्र का पाहता येऊ नये? त्याने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डेनचा, फोटो फिरत्या नळकांड्यावर गुंडाळला आणि त्यावरचा उजेड-अंधार यंत्राकडून ठिपक्याठिपक्याने मोजून घेतला. चित्र होते पाच सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद. ठिपके एका रांगेत १७६, आणि रांगाही १७६. म्हणजे एकूण ३०,९७६. पिक्सेल म्हणून आज घरोघरी ज्याचे नाव घेतात तो हा ठिपका. त्या वेळच्या यंत्राच्या स्मरणात याहून अधिक मावण्यासारखे नव्हते. ठिपके चौकोनी ठेवणे सोयीचे होते म्हणून किर्शने ते चौकोनी ठेवले, आणि साऱ्या जगाने तोच कित्ता गिरवला. पुढे ऐंशी वर्षांचा झाल्यावर हा गृहस्थ त्या चौकोनांबद्दल हळहळला आणि वेगवेगळ्या आकारांचे ठिपके वापरून चित्र अधिक गुळगुळीत कसे होईल, याचा विचार करू लागला. २०२० साली तो वारला.

वास्तविक ठिपके किती हवेत, याचा नियम त्याच्याही आधी सापडला होता. हॅरी नायक्विस्टने १९२८ साली तारायंत्राच्या संदर्भात त्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅननने १९४९ साली तो नीटसपणे मांडला. लुगड्याच्या काठाचे उदाहरण घेऊ. काठावर एक काळी रेघ, एक पांढरी रेघ, अशा जोड्या असतील, तर प्रत्येक जोडीमागे दोनाहून अधिक ठिपके हवेत. तितके नसतील तर रेघा नुसत्या पुसट होतात असे नव्हे. त्यांच्या जागी लुगड्यावर कधी नव्हत्याच अशा रुंद लाटा उमटतात. म्हणून चित्र लहान करताना दर चौथा ठिपका उचलून बाकीचे फेकणे हा आळशी मार्ग होय. आधी शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून बारकावा मवाळ करायचा आणि मगच ठिपके कमी करायचे, ही खरी रीत. आत्या पाकळ्या गाळताना वेलीचे वळण सांभाळते, तसेच हे.

ठिपके तेवढेच ठेवून त्यांचा साठा लहान करण्याची युक्ती मात्र आपल्याकडच्या माणसाला सुचली. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बेंगळुरूचा. अमेरिकेत कॅन्सस राज्यात प्राध्यापक असताना, १९७२ साली, त्यांनी या कल्पनेसाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे पैसे मागितले, मिळाले नाहीत. तरी त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा लेख १९७४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. चित्रातील ठळक छटा आणि बारीक तरंग गणिताने वेगळे करायचे, म्हणजे डोळ्याला न जाणवणारे तरंग सोडून देता येतात, असा त्याचा मथितार्थ. १९९२ साली मान्य झालेली 'जेपेग' पद्धत याच पायावर उभी आहे. ती चित्राचे आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यात काटकसर करते. मात्र चित्र उघडून, बदलून पुन्हा त्याच पद्धतीने साठवले की काटकसर पुन्हा होते. गाळलेल्या चहाची पूड पुन्हा उकळावी तसा रंग उतरत जातो.

लहान चित्र मोठे करण्याची कथा याहून अवघड आहे. शेजारच्या ठिपक्याची नुसती नक्कल केली तर चौकटी दिसतात. दोन ठिपक्यांमधले सरळ अंतर भरले तर धूसरपणा येतो. रॉबर्ट कीज यांनी १९८१ साली भोवतालच्या सोळा ठिपक्यांचा सल्ला घेणारे सूत्र दिले. मग १९८८ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावली यांनी या साऱ्या सूत्रांची झडती घेतली. नेत्रावली हे १९४६ साली मुंबईत जन्मलेले, पवईच्या आय. आय. टी.त शिकलेले, आणि पुढे बेल प्रयोगशाळेचे अध्यक्ष झालेले. धूसरपणा घालवावा तर कडांभोवती खोटी प्रभा उमटते, ती घालवावी तर पुन्हा धूसरपणा! मग त्यांनी जाणकारांपुढे चित्रे ठेवली आणि कोणते डोळ्याला पटते ते विचारले. त्यातून सूत्रातील दोन्ही आकड्यांसाठी एक तृतीयांश हे माप त्यांनी सुचवले. गणित जिथे थांबले, तिथे निवाडा अखेर माणसाच्या डोळ्याने केला!

आता माझ्या तसबिरीचा हिशेब पाहा. हाती असलेले चित्र १२०० बाय १६०० ठिपक्यांचे, म्हणजे १९ लाख २० हजारांचे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. बारा बाय सोळा इंचांच्या तसबिरीला ३६०० बाय ४८००, म्हणजे १ कोटी ७२ लाख ८० हजार ठिपके हवेत, बरोबर नऊपट. नऊंतला एक ठिपका खरा, आठ अंदाजाचे.

पुतण्या म्हणाला, "काका, आता यंत्रच शिकून ते आठ भरते." ते खरे आहे. लाखो चित्रे दाखवून यंत्राला हे शिकवण्याचे प्रयोग २०१४ पासून जोराने पुढे गेले. त्याने करून दाखवले. चित्र लखलखीत निघाले! आजीच्या नथीत मोती चमकत होते, भुवया रेखीव होत्या. आम्ही ते आत्यापुढे ठेवले. तिने चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "बाई देखणी आहे हो. पण ही आमची आई नव्हे. आईच्या नथीतला एक मोती पडला होता."

आम्ही गप्प झालो. ते लहान चित्र पुन्हा काढले, त्याला हात न लावता चार बाय सव्वापाच इंचांवर छापले, आणि रुंद पांढऱ्या कागदाच्या चौकटीत बसवून मोठ्या तसबिरीत लावले. आजी लहान दिसते, पण आजीच दिसते.

यंदा दिवाळीला घरोघरी फोटो निघतील आणि धाडले जातील. धाडायला खुशाल लहान प्रत करा. पण ती मुळावरून एकदाच करा, आणि मूळ मात्र दोन ठिकाणी जपून ठेवा. मोठ्याचे लहान केव्हाही करता येते. लहानाचे मोठे करणे आईलाच जमते, यंत्राला नाही.