‘फेअर’ या शब्दाची हकीकत

मी नुकताच शिकवायला लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. वर्गात इंग्रजी कथा चालली होती. कथेतली राजकन्या ‘फेअर’ होती. मी फळ्यावर ‘गोरी, सुंदर’ असा अर्थ लिहिला आणि पुढे गेलो. तास संपल्यावर एक सावळी विद्यार्थिनी टेबलाशी आली नि म्हणाली, “सर, हे दोन अर्थ आहेत की एकच?” मला चटकन उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन मोठा कोश उघडला. त्यात जे सापडलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडात जी जुनी इंग्रजी बोलत, तिच्यात हा शब्द साधारण ‘फॅयर’ असा उच्चारीत. अर्थ एवढाच, की जे पाहून मन प्रसन्न होतं ते. त्यात कातडीच्या रंगाची अट नव्हती. आइसलँडच्या भाषेत या शब्दाचा सख्खा भाऊ ‘फागुर’ आजही नांदतो आहे, आणि त्याचा अर्थ नुसता ‘सुंदर’ असाच आहे.

मग गोरेपणा आला कुठून? इ. स. १२०० च्या सुमारास उजळ कांतीच्या आणि पिवळसर केसांच्या माणसाला ‘फेअर’ म्हणू लागले. शेतात राबणाऱ्या बाईचा चेहरा उन्हाने रापतो, वाड्यात बसणारीचा रापत नाही. म्हणजे पांढरेपणा ही सुखवस्तूपणाची खूण ठरली. राणी पहिली एलिझाबेथ १५५८ ते १६०३ गादीवर होती. त्या काळी दरबारी स्त्रिया चेहऱ्याला शिशाचा सफेता फाशीत. शिसं हे विष, पण हौसेपुढे विचार कोण करतो? शेक्सपिअरची सुनीतं १६०९ साली छापली गेली. त्यांतल्या काहींत मात्र त्याने काळ्या डोळ्यांची, काळ्या केसांची स्त्री रंगवली आणि तिला ‘फेअर’ म्हणावं की नाही, या प्रश्नाशी तो खेळला.

या शब्दाला आणखी फांद्या फुटल्या. आकाशात ढग नसले की हवा ‘फेअर’. खाडाखोड नसली की वही ‘फेअर’. ही तर आपल्या प्रत्येक शाळेत आहे. पक्षपात नसला की न्याय ‘फेअर’. आपण ज्याला रास्त भावाचं दुकान म्हणतो, ते इंग्रजीत ‘फेअर प्राइस शॉप’. जत्रेला म्हणतात तो ‘फेअर’ मात्र निराळा, बरं का. तो लॅटिनमधल्या ‘फेरिया’ म्हणजे सणाचा दिवस, या शब्दावरून आला. शिक्षकांनी दोहोंची गल्लत करू नये.

आता आपल्याकडे पाहा. वधू-वरांच्या इंग्रजी जाहिरातींत हा शब्द आला तो गोरेपणाचाच अर्थ घेऊन. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ नावाचं क्रीम बाजारात आलं आणि घरोघर गेलं. पुष्कळ टीका झाल्यावर २०२० साली त्याच्या नावातून ‘फेअर’ गळलं. गोऱ्या रंगाची हौस इंग्रजांनीच आणली, असं म्हणणं मात्र रास्त होणार नाही. ती आपल्यातही होतीच. पण महाभारतातल्या द्रौपदीला तिच्या सावळ्या वर्णावरून ‘कृष्णा’ म्हणत, आणि तिच्या रूपाला कुणी उणं म्हटलं नाही. पंढरीचा विठोबा सावळाच. आपल्या ‘सुंदर’ शब्दात रंग मिसळलेला नाही, ही मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ‘सुंदर’ वर लिहिलं, ‘गोरी’ खाली लिहिलं आणि मध्ये रेघ ओढली. “दोन अर्थ आहेत,” मी सांगितलं, “आणि पहिला जुना आहे.” ती मुलगी काही बोलली नाही. तिने आपल्या फेअर वहीत ते नीट उतरवून घेतलं.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा शब्द शिकवताना तेवढी एक रेघ ओढायला विसरू नका.