'प्रेझेंटली' म्हणजे नेमकं केव्हा?

येशूने अंजिराच्या झाडाला शाप दिला आणि झाड वाळलं. किती वेळात? १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, मत्तयच्या शुभवर्तमानात, याचं उत्तर एका शब्दात आहे : 'प्रेझेंटली'. आजच्या लंडनकराला त्यातून 'थोड्या वेळाने' एवढंच कळेल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र 'तत्क्षणी'. भाषांतरकार चुकले नव्हते. त्यांच्या काळी 'प्रेझेंटली' म्हणजे लगेचच.

त्याच सुमारास लिहिलेल्या शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मध्येही हा अर्थ जिवंत आहे. प्रॉस्पेरो काम सांगतो, एरिएल एवढा एकच शब्द उच्चारून 'आत्ताच का?' असं विचारतो, आणि उत्तर मिळतं, की डोळ्याचं पातं लवायच्या आत.

लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाच्या मुळाशी 'समोर हजर असणं' आहे. मग तो ढिला का पडला? माणसांमुळे. 'आलोच' म्हणणारा अजून पायात चपलाही सरकवत नसतो, हे मराठी घरांना सांगायला नको. तातडीचं वचन देणारा शब्द अशा रोजच्या उशिराने झिजतो. 'सून'चं मूळ रूप 'सोना', जुन्या इंग्रजीत त्याचाही अर्थ 'ताबडतोब' होता. 'अनॉन'चंही तेच. शेक्सपिअरच्याच 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात गुत्त्यातल्या फ्रान्सिस नावाच्या पोऱ्याला दोन्हीकडून हाका येतात. बिचारा 'अनॉन, अनॉन' ओरडत राहतो आणि कुठेच पोहोचत नाही. शब्द झिजतो कसा, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार!

१८८१ च्या सुधारित नव्या करारात अंजिराच्या झाडापाशी 'इमिजिएटली' आला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर मागणाऱ्या मुलीच्या तोंडचा 'बाय अँड बाय'ही बदलावा लागला. तिला ते शिर तत्काळ हवं होतं, सवडीने नव्हे.

इंग्लंडात 'प्रेझेंटली' असा पुढे ढकलला गेला, तरी 'सध्या' हा त्याचा आणखी एक जुना अर्थ स्कॉटलंड आणि अमेरिकेत टिकला. विसाव्या शतकात तो इंग्लंडात पुन्हा दिसू लागला, तेव्हा शुद्धतेच्या आग्रही मंडळींनी नाकं मुरडली. ही तक्रार अन्यायाची वाटते, कारण 'आत्ता' हा अर्थ या शब्दाच्या मुळाशी जास्त जवळचा आहे. नोकरीच्या अर्जात 'प्रेझेंटली वर्किंग' लिहिणारा पुण्याचा उमेदवार म्हणूनच काही चुकत नाही. संस्कृतातला 'सद्यः' तरी काय, त्याचाही अर्थ 'त्याच दिवशी, तत्काळ'. आणि आपण 'सद्यःस्थिती' म्हणतो ती आत्ताची.