क्षारपड भूमीची सुधारणा (कडोदरा परिसर)

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील कडोदरा आज गिरण्यांमुळे ओळखले जात असले, तरी उकाई-काक्रापार कालव्यांच्या या मुलखात १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाल्यावर ऊस विस्तारला आणि मंद निचऱ्याच्या काळ्या जमिनींत भूजल वर चढून ठिकठिकाणी क्षार साचले. अशा भूमीच्या सुधारणेत पाणी हेच रोगाचे कारण व औषधही असल्याने, भूमिगत सच्छिद्र नळ्यांनी निचऱ्याची तजवीज केल्यावाचून क्षार धुण्यासाठी पाणी खर्चणे ही निव्वळ उधळपट्टी होय. ‘टेरा निल’ (२०२३) या संगणकीय खेळात उजाड भूमी सजीव झाल्यावर खेळाडू सर्व यंत्रे उचलून नेतो. शेतकऱ्यास ही मुभा नाही, कारण चर व नळ्यांची दुरुस्ती अखंड चालू ठेवावी लागते. चोपण, म्हणजे सोडियमचे प्रमाण अधिक असलेल्या, जमिनीस याखेरीज जिप्सम व धैंच्याचे हिरवळीचे खत लागते.