ग्रुनफेल्डच्या आधीचा ‘ग्रुनफेल्ड’

बुद्धिबळातील ‘ग्रुनफेल्ड बचाव’ ही सुरुवात ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांच्या नावाने ओळखली जाते. १९२२ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांनी या बचावाच्या बळावर अलेखाइन यांना नमविले. परंतु तीच सुरुवात ६७ वर्षे आधी, १८५५ मध्ये, कोलकात्यातील एका डावात पटावर आली होती. पांढरी मोहरी जॉन कॉक्रेन या हौशी स्कॉटिश बॅरिस्टरकडे होती. काळी मोहरी बंगालच्या ग्रामीण भागातून आलेल्या मोहेशचंद्र बॅनर्जी यांच्याकडे.

मोहेशचंद्र भारतीय पद्धतीच्या खेळात तयार झालेले. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकते. त्यामुळे प्रारंभीच मध्यभाग बळकावण्याऐवजी उंट बाजूच्या घरात बसवून दुरून मारा करण्याकडे कल असे. युरोपीय नियमांनी खेळतानाही मोहेशचंद्रांनी ही रीत सोडली नाही.

ग्रुनफेल्ड बचावाचे मर्मही हेच. पांढऱ्याने वजीर आणि वजिराकडील उंट यांची प्यादी दोन-दोन घरे पुढे केल्यावर काळा राजाकडील घोडा बाहेर काढतो, त्या बाजूच्या उंटासाठी वाट मोकळी करतो आणि तिसऱ्या चालीत वजिराचे प्यादे दोन घरे पुढे सारतो. पांढऱ्याला मध्यभागी प्याद्यांची फळी उभारू द्यायची आणि मग तिच्यावरच हल्ला चढवायचा, असा हा डावपेच आहे.

कोलकात्याच्या डावात मोहेशचंद्रांची सुरुवात भक्कम होती. मात्र १८व्या चालीत कॉक्रेन यांचा घोडा राजाच्या किल्ल्यात घुसला. काळ्याने उत्तरादाखल घोड्याने वजिरावर मारा केला आणि तेथेच डाव संपला. दुहेरी शह, पाठोपाठ वजिराचे बलिदान आणि अखेर घोड्याची मात. काळा राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडला गेला.

हा पराभव सुरुवातीचा नव्हता, एका चुकीच्या चालीचा होता. ग्रुनफेल्ड यांनी ही सुरुवात स्पर्धात्मक बुद्धिबळात रुजविली, हे श्रेय त्यांचेच. पुढे बोटविनिक, फिशर आणि कास्पारोव यांनीही ती वापरली. विश्वनाथन आनंद यांनी २०१० च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील पहिल्या डावात टोपालोव यांच्याविरुद्ध तीच निवडली. तो डाव ते हरले, तरी विजेतेपद त्यांनी राखले.

घोडा आधी काढून केलेल्या अशा बचावांच्या संपूर्ण घराण्याला आज ‘इंडियन’ म्हटले जाते. मोहेशचंद्रांचे नाव मात्र त्यातील कोणत्याही प्रमुख सुरुवातीला मिळालेले नाही.