अकितु : आधुनिक काळातील पालन

अकितु : प्राचीन मेसोपोटेमियातील वर्षारंभाचा उत्सव. आज तो मुख्यतः असिरियन हा बहुतांशी ख्रिस्ती समाज १ एप्रिल रोजी ‘खा ब-निसान’ (निसान महिन्याचा पहिला दिवस) या नावाने साजरा करतो. इराक, सीरिया, तुर्कस्तान व इराण या मूळ प्रदेशांखेरीज स्वीडन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झालेल्या असिरियनांतही तो रूढ आहे.

प्राचीन स्वरूप : ऊर या नगरात इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात हा उत्सव होत असल्याचे उल्लेख मिळतात. तेथे तो पहिल्या व सातव्या अशा दोन महिन्यांत होई. बॅबिलनमध्ये तो निसान या वसंतातील पहिल्या चांद्रमासात, मार्दुक देवाच्या एसागिला मंदिरात सुमारे अकरा दिवस चाले. विधींचा सविस्तर तपशील उत्तरकालीन (ग्रीक अंमलातील) मृत्तिकापट्टिकांवरून कळतो. फ्रेंच पंडित फ्रांस्वा त्युरो-दांजें याने तो १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. या पट्टिकांत दुसऱ्या ते पाचव्या दिवसांचेच वर्णन शिल्लक आहे.

तिसऱ्या दिवशी कारागीर देवदार व झाऊ यांच्या लाकडाच्या दोन लहान मूर्ती घडवत. त्यांना तांबडे वस्त्र नेसवत. एकीच्या हातात साप, तर दुसरीच्या हातात विंचू असे. सहाव्या दिवशी बोर्सिप्पा या नगरातून नबू देव येताच या मूर्तींचा शिरच्छेद होई. चौथ्या दिवशी सायंकाळी ‘एनुमा एलिश’ हे सृष्ट्युत्पत्तिकाव्य मार्दुकासमोर म्हटले जाई. पाचव्या दिवशी मेंढ्याचे धड नबूच्या गाभाऱ्याच्या भिंतींना घासून नदीत टाकत. हे काम करणाऱ्यांना नबू बॅबिलनमध्ये असेपर्यंत नगरात पाऊल टाकता येत नसे.

त्याच दिवशी राजा मंदिरात येई. महापुजारी त्याचा राजदंड व इतर राजचिन्हे काढून घेई, त्याच्या गालात मारी आणि कान धरून त्याला देवापुढे गुडघे टेकायला लावी. आपण देवाची हेळसांड केली नाही, बॅबिलनचा नाश केला नाही, असे राजाला सांगावे लागे. राजचिन्हे परत दिल्यावर पुजारी त्याला पुन्हा मारी. राजाच्या डोळ्यांतून पाणी आले तर देव प्रसन्न, न आले तर शत्रू उठून त्याचा घात करील, असे समजत. हा विधी प्राचीन बॅबिलोनियन राजांच्या काळीही असाच होता की परकीय अंमलात त्याला हे रूप आले, याबद्दल मतभेद आहेत.

पुढील दिवसांत देवमूर्तींची मिरवणूक इश्तार वेशीतून नगराबाहेरील अकितुगृहाकडे जाई. उत्सवाला राजाची उपस्थिती आवश्यक असे. नॅबोनिडस राजा अरबस्तानातील तैमा येथे राहत असताना उत्सव झाला नाही, अशी नोंद बॅबिलोनियन इतिवृत्तात आहे.

मध्यंतरीचा काळ : सीरियातील पाल्मायरा येथील बेल देवाच्या मंदिराचे अर्पण इ. स. ३२ मध्ये निसानच्या सहाव्या दिवशी झाले. अभ्यासक त्याचा संबंध अकितुशी जोडतात. त्यानंतरच्या काळातील पुरावा तुटपुंजा आहे. असिरियन खेड्यांत मुली वसंतातील रानफुले व हिरवा पाला गोळा करून त्यांचा झुबका दारावर टांगत. या चालीला ‘दिक्ना द-निसान’ म्हणजे निसानची दाढी म्हणतात. ती प्राचीन उत्सवाचा अवशेष असल्याचे अनेक असिरियन मानतात.

आधुनिक पुनरुज्जीवन : १९५० च्या दशकात तेहरानहून निघणाऱ्या ‘गिल्गामेश’ या असिरियन नियतकालिकातून इ. स. पू. ४७५० पासूनची कालगणना प्रचारात आली. तिच्यानुसार २०२४ च्या १ एप्रिलला ६७७४ वे वर्ष सुरू झाले. या आरंभवर्षाला प्राचीन लेखांचा आधार नाही. मूळ निसान चंद्रदर्शनाने सुरू होई व अधिक महिना धरून ऋतूंशी जुळवला जाई; १ एप्रिल ही स्थिर तारीख आधुनिक आहे.

उत्तर इराकमधील दुहोक येथील मिरवणूक विशेष प्रसिद्ध आहे. पारंपरिक पोशाख व पिसे खोवलेल्या टोप्या घातलेले स्त्री-पुरुष असिरियन ध्वज घेऊन चालतात. ढोल-सनईच्या ठेक्यावर हातात हात गुंफून ‘खिग्गा’ हा फेरनाच होतो. काही तरुण प्राचीन राजाराण्यांचे वेष घेतात. या मिरवणुकीला छळ व विस्थापनाची पार्श्वभूमी आहे. दुहोकजवळच्या सिमेले येथे १९३३ मध्ये असिरियनांचे हत्याकांड झाले होते. २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटच्या आक्रमणामुळे निनेव्हे मैदानातील हजारो कुटुंबे याच परिसरात आश्रयाला आली. १ एप्रिल २०२५ रोजी दुहोकच्या मिरवणुकीवर एका इसमाने कुऱ्हाडीने हल्ला केला. त्यात काही जण जखमी झाले.

तुर्कस्तानातील मिद्यात भागात २००५ पासून हा सण उघडपणे साजरा होऊ लागला. शिकागो व सिडनी येथेही तो जाहीरपणे साजरा होतो.

इतर गट : येझिदी या धर्मसमुदायाचा एप्रिलमधील वर्षारंभ अकितुशी जोडला जातो, पण हा संबंध सिद्ध झालेला नाही. पाश्चात्त्य देशांतील काही नवपेगन गट मार्दुक व इश्तार यांची पूजा करून अकितु पाळतात.

मूल्यमापन : आजच्या उत्सवात मार्दुकाची पूजा नाही, राजा नाही, पुजारीही नाही. तो पाळणारे बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत, पण तो चर्चच्या विधींपैकी नव्हे. प्राचीन विधींशी ताडून त्याला कृत्रिम ठरवणे अन्यायाचे होईल. राज्य नसलेल्या, वारंवार विस्थापित झालेल्या समाजाने आपले अस्तित्व उघडपणे सांगण्यासाठी हा दिवस निवडला आहे, आणि हेच त्याचे खरे महत्त्व होय.